चौशिंग्याची पाठराखीण

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की आमच्याकडची माणसं लगेच विचारतात, "मग लोणार पाहिलं की नाही?" नाही पाहिलं. सिंदखेडराजाही नाही आणि शेगावही नाही. मी राहिले जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, एका लहानशा गावात. गेले होते नवरदेव आणायला. निघताना हे मावशीला सांगितलं, तर पुढचं ऐकायच्या आत तिनं डोळे पुसले आणि देवापुढं साखर ठेवली. नवरदेवाला चार शिंगं आहेत हे कळल्यावर तिनं ती साखर उचलून परत डब्यात टाकली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माझं काम असं आहे की ते चारचौघांत सांगायची सोय नाही. एका संस्थानिकाच्या हौसेतून उभं राहिलेलं आणि आता सरकारनं चालवायला घेतलेलं एक प्राणिसंग्रहालय आहे, तिथं मी असते. रानातून जी जनावरं संपत चालली आहेत त्यांची वीण आमच्या आवारात व्हावी आणि पिल्लं जगावीत, हे माझं काम. कोणती मादी माजावर आली, गाभ राहिला की नाही, राहत नसेल तर का, याच्यामागे मी दिवसभर असते. मी जे शिकले त्याला लांबलचक नाव आहे, पण आई शेजारणींना सांगते, "जनावरांच्या दवाखान्यात आहे." बरं आहे.

आमच्याकडे चौशिंग्याची एक मादी आहे. चौशिंगा म्हणजे हरणाच्या कुळातलं, शेळीएवढं, बदामी रंगाचं लाजाळू जनावर. नराला चार शिंगं: दोन कानांजवळ आणि दोन बोटाच्या पेराएवढी, कपाळावर. मादीला एकही नाही. पूर्वी डोंगरात पुष्कळ होते म्हणतात, आता बंदुका आणि कुऱ्हाडी दोन्हींनी त्यांची पाठ धरली आहे. आमच्या मादीसाठी रानात पकडलेले दोन नर आम्ही याआधी आणवले होते. एक वाटेतच गेला. दुसरा पोचला, आणि भेदरून जाळीवर डोकं आपटून मेला. तो माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि त्यानंतर मी बरेच दिवस त्या बाजूला फिरकले नव्हते. आमचे साहेब म्हणाले, "बाई, आता शेवटची खेप. नाही जमलं तर ते आवार चितळांना देऊन टाकू." मादीचंही वय चाललेलं. तेवढ्यात बदलून आलेल्या एका रेंजरनं सांगितलं की सातपुड्याच्या पायथ्याला एका शेतकऱ्याच्या घरी चौशिंग्याचा नर आहे, बाटलीच्या दुधावर वाढवलेला, माणसाला न भिणारा. मी त्याच आठवड्यात निघाले.

नांदुरा

नांदुऱ्याला उतरलो तेव्हा थंडी मी म्हणत होती. बरोबर दत्तोबा होते, आमच्याकडचे जुने राखणदार. जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या गावापेक्षा वाईट आहे अशी त्यांची पक्की समजूत आहे आणि चहा मिळेपर्यंत ते तसं बोलतात. आणि बरोबर ती पेटी. लाकडी, आतून पोत्यांची गादी शिवलेली, वर हवेला भोकं. एसटीच्या टपावर ती चढवताना कंडक्टरनं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"बाई, मढंगिढं तर नाही न यात?"

"रिकामी आहे हो."

"मंग रिकामी पेटी काऊन घेऊन जाता?"

"नवरदेव आणायला," दत्तोबा म्हणाले आणि खिडकीजवळ जाऊन बसले. झालं! गाडी सुटेपर्यंत ही बातमी मागच्या बाकापर्यंत पोचली होती. पूर्णा नदी ओलांडेस्तोवर माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं वधूची चौकशीसुद्धा सुरू केली.

"पोरगी कशी हाये?"

"देखणी आहे."

"रंग?"

"बदामी."

"नाक?"

"ओलं," मी म्हटलं. म्हातारा इतका हसला की त्याची टोपी मांडीवर पडली. मग त्यानं पिशवीतल्या भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत ओतल्या. आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस चार तास आपल्याकडे पाहत नाही. इथं तो उतरेपर्यंत आपलं गोत्र काढतो आणि वर खायलाही देतो.

दोन्ही बाजूंना काळी जमीन, आमच्या उसाच्या हिरव्यापुढे डोळ्यांना आधी ओकीबोकी वाटणारी. मग वेचणीला आलेला कापूस दिसायला लागला, माणसाच्या डोक्याच्या वर कापूस भरलेल्या बैलगाड्या दिसल्या, आणि जळगाव जवळ आलं तशी उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ उभी राहिली. दत्तोबासुद्धा म्हणाले, "डोंगर बरा आहे."

सुखदेवभाऊंचं घर

जळगावहून पुढं बैलगाडीनं गेलो. सुखदेवभाऊ स्वतः गाडी घेऊन आले होते. पन्नाशीच्या आसपासचे, उंच, मोठ्यानं बोलणारे. बायकोचं नाव गोदाबाई. ती बोलायला कमी पण हसायला तयार. मुली लग्न होऊन गेलेल्या, घरात आता हे दोघंच. मी एकटी बाई असलं काम करते याचं सुखदेवभाऊंना भारी नवल. "बाईमाणूस असून जनावराचं हे पाह्यता? वा!" असं त्यांनी गाडीत, ओसरीवर आणि जेवताना, तिन्ही ठिकाणी म्हटलं.

जेवायला मिरच्यांची भाजी होती. आमच्याकडे भाजीत मिरची घालतात. इथं मिरचीचीच भाजी करतात, डाळ आणि वांगी तिला सोबत म्हणून असतात. हिरवीगार, घोटलेली, वरून शेंगदाण्याचं तेल. मी पालेभाजी समजून चांगला मोठा घास घेतला. अगं आई गं! कान वाजायला लागले, डोळ्यांपुढं सातपुडा दोनदा दिसला. गोदाबाईनं काही न बोलता ताकाचा तांब्या पुढं केला आणि पदरात तोंड लपवून हसत बसली. "हळूहळू खा न बाई. तुमच्याकडं गूळ घालतेत म्हणे भाजीत." दुसऱ्या दिवसापासून मात्र कळण्याच्या भाकरीबरोबर, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या भाकरीबरोबर, मी ती भाजी मागून घेत होते.

जेवण झाल्यावर आम्ही मळ्यात गेलो. विहिरीजवळ पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचं, उंच कुंपण घातलेलं होतं. आत दोन बोरीची झाडं, आणि त्यांच्या सावलीत तो उभा होता. भुऱ्या. आई मेलेली होती म्हणून सुखदेवभाऊंनी रानातून उचलून आणला, गोदाबाईनं शेळीच्या दुधावर जगवला. काय सांगू, इतकं देखणं जनावर मी आजवर पाहिलं नव्हतं. अंगावर तेज, डोळे शांत, आम्ही आलो तरी पळापळ नाही. नुसता आमच्याकडे तोंड करून उभा. मला वाटलं, आता जमलं! माझी मनात पिल्लांची नावंसुद्धा ठेवून झाली होती.

"मस्त गरीब झालं आता," सुखदेवभाऊ कौतुकानं म्हणाले. "पह्यले मारे मले. हे पाहा, मांडीले अजून वळ हाये. मंग बडवून घेतलं न त्याले."

"काय केलं?"

"बडवलं. गोऱ्हा बडवते तसं. तो माणूस दरसाल येते आमच्या गावात, त्याले म्हटलं, याचंही करून टाक."

गोऱ्हा औताला धरायचा तर तो आधी खच्ची करायचा, हे शेतकऱ्याच्या घरात नखं काढण्याइतकं साधं. मारकं जनावर गरीब करायला त्यांना हाच उपाय सुचला. त्यांचं काही चुकलं म्हणता येत नव्हतं. ते तर अभिमानानं सांगत होते. मी तिथंच दगडावर बसले. इतक्या लांबून पेटी घेऊन आले, आणि नवरदेव हा असा. दत्तोबा म्हणाले, "मी म्हटलंच होतं." त्यांनी काहीही म्हटलेलं नव्हतं.

बोरीखालच्या खुणा

लगेच परतायची गाडी नव्हती, आणि खरं सांगायचं तर पाहुणीला दोन दिवसांत सोडायची त्या घराची तयारीही नव्हती. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं मळ्यात जाऊन बसले. जनावर समोर असलं की मला दुसरं काही सुचत नाही.

आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली. बोरीच्या एका फांदीच्या टोकाला काळसर चिकट थेंब होता, ताजा. चौशिंग्याच्या डोळ्याजवळ एक ग्रंथी असते. वयात आलेला नर तिचा चिकट रस फांद्यांना पुसून ठेवतो, ही जागा माझी म्हणून. भुऱ्याची ती ग्रंथी चांगली फुगलेली होती. खाली वाकून शिंगांनी त्यानं एक झुडूप पार सोलून काढलं होतं. दत्तोबा पाणी ठेवायला आत गेले तर मान खाली घालून तो असा धावला, की हंडा तिथंच टाकून ते कुंपणाबाहेर. खच्ची केलेलं जनावर असलं काही करत नाही. त्याला या सगळ्यात रस उरलेला नसतो.

मागून पाहिलं असतं तर एका नजरेत निकाल लागला असता. पण तो कोणाला पाठ दाखवतच नव्हता. शेळीएवढ्या त्या देहावर वळूसारखं लांबून दिसण्याजोगंही काही नसतं. सुखदेवभाऊंना गेली तीन वर्षं त्याचं फक्त तोंड दिसलं होतं, तेही अंगावर येताना. धरून, पाडून पाहायची माझी छाती नव्हती. त्या भीतीनंच ही जनावरं मरतात.

गोदाबाई जवळच तुरीच्या शेंगा तोडत होती. दत्तोबांची धावपळ पाहून ती हसली, पण लगेच तिनं माझ्याकडे चोरून पाहिलं.

"गरीब झाला म्हणतात, मग हा धावतो कसा?" मी विचारलं.

"उन्हानं करते कधीमधी."

"पौषात कसलं हो ऊन?"

ती भराभर तोडायला लागली. शेंगांऐवजी पानंच ओच्यात पडत होती. मला सगळं कळलं, आणि तिलाही कळलं की मला कळलं आहे. पण मी पुढं विचारलं नाही. मी काही फार मोठ्या मनाची नाही. मला तो नर पाहिजे होता, अगदी जीव जाईस्तोवर पाहिजे होता. पण विचारलं तर नवऱ्यापुढं तिचं खोटं उघडं पडणार, आणि वर तिचं जनावर मी पेटीत घालून नेणार. एका तोंडानं तिची मिरचीची भाजी खायची आणि दुसऱ्या तोंडानं हे करायचं, मला जमेना. मग मी तिला नुसतं आमच्या मादीबद्दल सांगितलं. ती संध्याकाळी जाळीजवळ येऊन कशी उभी राहते ते. तिच्या जातीचं दुसरं कोणी तिनं कित्येक दिवसांत पाहिलेलं नाही, हेही. गोदाबाईनं ऐकलं, शेंगा उचलल्या आणि घरी गेली. त्या दिवशी भाजीत मीठच नव्हतं.

हुरडा

तिसऱ्या दिवशी सुखदेवभाऊंनी मळ्यात हुरड्याचा बेत केला. गोवऱ्यांची आगटी, त्यात भाजलेली कोवळी ज्वारीची कणसं, तळहातावर चोळून पुढं टाकलेला गरम दाणा, बरोबर लसणाची चटणी. दत्तोबा इतका हुरडा खाऊन बसले, की त्यांच्या गावात कसा चांगला मिळतो हे सांगायलाही त्यांना जागा राहिली नाही.

माझं तोंड उतरलेलं पाहून सुखदेवभाऊंना वाईट वाटत होतं. कणीस चोळता चोळता ते म्हणाले, "बाई, तुमी रिकाम्या हातानं जाऊन राह्यल्या, हे काई बरं नाई. मी एक करतो. डोंगरात पारधी लोकं हायेत ओळखीचे. जाळं लावून दुसरा पकडून देतो तुमाले. आठ दिवस थांबा."

"नको हो भाऊ. रानातला पकडला की तो जगत नाही. दोन आणले होते. दोन्ही मेले."

"मेले?" हे गोदाबाईनं विचारलं. ती आगटीच्या पलीकडे बसली होती.

"एक वाटेत. दुसरा माझ्यासमोर, डोकं आपटून आपटून."

"तिसरा कदाचित जगीन," सुखदेवभाऊ म्हणाले. "पाहू न पकडून. एक मेला तर दुसरा पकडू."

गोदाबाईनं हातातलं कणीस खाली ठेवलं. ती उठली, पदर खोचला, आणि नवऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाली, "कोणाले पकडू नका. भुऱ्याले न्या. तो बडवला नाई."



"काय म्हनते तू?" सुखदेवभाऊ म्हणाले.

"यायले बघवत नव्हतं म्हणून हे वावरात गेल्ते," ती अजून मलाच सांगत होती. "तो माणूस आला. म्या त्याले जेवू घातलं अन् सांगतलं, भाऊ, याले हात लावू नको. दूध पाजून वाढवलं म्या. याले नुसतं दोन घडी बांधून ठेव, वरडू दे, अन् जाय. तो हसला, अन् गेला."

सुखदेवभाऊंचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा झाला. मला वाटलं, आता काही खरं नाही. "तीन साल!" ते ओरडले. "तीन साल मी गरीब हाये, गरीब हाये, म्हणून साऱ्या गावाले सांगून राह्यलो! पोयाच्या सणाले मारलं त्यानं मले, दिवाळीले मारलं, तरी म्हणतो, गरीब हाये! अन् त्या माणसाले धोतरजोडी देल्ली म्या! नवी!"

"त्यानं ती परत आणून देल्ली होती," गोदाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "तुमी तेच नेसले हाये."

सुखदेवभाऊंनी खाली आपल्या धोतराकडे पाहिलं. मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. दत्तोबाही हसले, मीही हसले, आणि गोदाबाई तोंडाला पदर लावून रडत होती, ते आमच्या थोडं उशिरा लक्षात आलं. नवऱ्याचं हसू तिथंच विरलं. ते उठून तिच्याजवळ गेले आणि नुसते उभे राहिले. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"माझ्या हातचंच खाते तो," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हातचं तोंडाले लावत नाई. तुमच्याकडं उपाशी मरीन."

हे मात्र खरं होतं. दत्तोबांनी तीन दिवस प्रयत्न करून पाहिला होता. मी म्हटलं, "मग तुम्हीच चला. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तशा. चार दिवस राहा, तो रुळला की दत्तोबा तुम्हाला आणून सोडतील."

"पाठराखीण पोरीसंगं जाते," सुखदेवभाऊ म्हणाले. "नवरदेवासंगं कधी कोणी गेली काय?" मग बायकोकडे वळून, "जाय तू. नाईतर इथं विहिरीजवळ बसून राह्यशीन, अन् मले भाकरही भेटणार नाई."

निघताना गल्लीतल्या बायका जमल्या. कोणीतरी भुऱ्याच्या कपाळावर, पुढच्या दोन लहान शिंगांच्या मधे, हळद लावली. त्यानं ती लावू दिली, कारण मान गोदाबाईच्या काखेत होती. पेटीत तो तिच्या मागोमाग आपण होऊन चढला. ती वाकून पुढच्या दारातून बाहेर आली आणि आम्ही दोन्ही दारं लावली. मला तिच्याकडे पाहवलं नाही.

घरी

प्रवास ठीक झाला. गोदाबाईनं आगगाडीत एकदाही डोळा मिटला नाही. प्रत्येक मोठ्या स्टेशनात उतरून ती मालडब्याशी जाऊन पेटीवर हात ठेवून यायची आणि दत्तोबा तिच्यामागे धावायचे.

आमच्याकडे आल्यावर मी घाई केली नाही. मादीच्या शेजारचं आवार त्याला दिलं, मधे जाळी ठेवली. गोदाबाई सकाळ-संध्याकाळ आत जाऊन त्याला भरवायची. दोन्ही वेळा त्यानं खाल्लं. साहेब रोज येऊन पाहून जात, आणि चितळांचा विषय त्यांनी परत काढला नाही. दुपारी ती मादीच्या जाळीपाशी बसून तिला निरखायची. "बारीक हाये, पण चांगली हाये," असा तिनं निकाल दिला. माझ्या आईबरोबर तिची गट्टी जमली. आईला तिनं मिरच्यांची भाजी करून खाऊ घातली आणि आई दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठली नाही.

पिल्लू झालं का, असं सगळे विचारतात. झालं. पावसाळा संपल्यावर मादीचं पोट दिसायला लागलं आणि थंडीत दोन झाली, दोन्ही जगली. मी त्या दिवशी आवाराबाहेर उभी राहून लहान मुलीसारखी रडले, आणि मग सुखदेवभाऊंना तार केली. पण माझ्या डोळ्यांपुढं अजून आहे ती त्याआधीची सकाळ, मधली जाळी आम्ही पहिल्यांदा काढली ती.

मादी कोपऱ्यात उभी होती. भुऱ्या मान लांब करून, पाय जपून टाकत तिच्याकडे गेला. वास घेतला, मादीचा वास पारखताना नर करतात तसा वरचा ओठ वर केला. ती चार पावलं सरकली, तोही चार पावलं सरकला. ना धडपड, ना जाळीवर आपटणं. ती झाडाखाली बसली तेव्हा तोही जरा अंतरावर बसला. मी दत्तोबांचा हात इतका घट्ट धरला होता की ते नंतर दोन दिवस बोटं चोळत होते.

गोदाबाई दाराजवळ भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिची परतायची गाडी त्याच दिवशी होती. तिनं हाक मारली, "भुऱ्या, ये रे."

त्याचा एक कान हलला. मान काही वळली नाही.

"भुऱ्या, मी चालली रे बाप्पा. ये."

तो उठला. मादी उठली होती, म्हणून उठला. आणि तिच्यामागं झुडपांच्या पलीकडे गेला.

मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईसमोर तो दाखवायची लाज वाटत होती. गोदाबाई थोडा वेळ हात पुढं करून तशीच उभी राहिली. मग तिनं हात मागं घेतला आणि तो भाकरीचा तुकडा सावकाश स्वतःच खाल्ला.

"चला बाई," ती म्हणाली, "आता मले गाडीत बसवून द्या."